अंदाजपत्रकात न लिहिलेली ओळ

रविवारची दुसरी मिस्सा आटोपून आम्ही धर्मग्रामाच्या कार्यालयात येऊन बसलो, तोच डोंबिवली पूर्वेकडील एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आत आले. मुलगा वीस वर्षांचा, ठाण्यातील एका संस्थेत ॲनिमेशनचे शिक्षण घेणारा. त्याच्या हातात चार घड्या घातलेला एक कागद होता. बाप्तिस्म्याचा दाखला किंवा फीमाफीसाठी शिफारसपत्र असे काहीतरी हवे असेल, अशा अपेक्षेने आम्ही तो उलगडला. पाहतो तो संगणकाच्या दुकानाचे कोटेशन! ग्राफिक्स कार्ड एक नग, रुपये २८,०००, त्यात १८ टक्के वस्तू व सेवा कर धरलेला.

“फादर, तुम्हीच सांगा याला,” वडील म्हणाले. “चालतंय तोवर चालवावं, असं माझं म्हणणं. हा म्हणतो, चालतच नाही.”

मुलगा खाली मान घालून उभा होता. बाहेर गायकवृंदाचा सराव चालला होता. त्यामुळेच असेल, वडिलांना आमचे प्रत्येक वाक्य दोनदा सांगावे लागत होते.

या कुटुंबाच्या अनुमतीने, आणि त्यांची ओळख पटणार नाही इतपत फेरफार करून, ही हकीकत आम्ही येथे मांडत आहोत. कारण प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. संगणकातील एक जुना भाग बदलावा की बदलू नये हे ठरवू लागलो, की गरज म्हणजे काय, पुरेसे म्हणजे किती आणि हा पैसा नेमका कोणाचा, हे तीन प्रश्न एकामागोमाग येऊन उभे राहतात. हे तिन्ही नीतिशास्त्राचे फार जुने प्रश्न आहेत.

प्रथम आमच्याविषयी. तो कागद पाहताच आमच्या मनात एक तयार प्रवचन उभे राहिले. चंगळवाद, जाहिरातींचा भडिमार, अंथरूण पाहून पाय पसरण्याची जुनी शिकवण, सारे काही ओठांवर आले होते. इतक्यात कोपऱ्यातील प्रिंटरकडे लक्ष गेले. महिन्यापूर्वीच चालू स्थितीतील प्रिंटर काढून आम्ही तो नवा घेतला होता. कारण काय, तर जुना फार आवाज करीत असे! ज्याला स्वतःच्या खिशातून द्यावे लागत नाही, त्याला दुसऱ्याच्या संयमावर बोलणे सोपे जाते. आम्ही प्रवचन गिळले आणि मुलाला म्हणालो, “नेमकं काय अडतं, ते आम्हांला नीट समजावून सांग.”

कार्ड करते तरी काय?

ज्या वाचकांचा या वस्तूशी परिचय नाही, त्यांच्यासाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. संगणकाच्या पडद्यावरील चित्र म्हणजे लक्षावधी ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग, त्यावर पडणारा प्रकाश आणि सावली यांचे गणित सेकंदात कित्येक वेळा करावे लागते. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा एखाद्या निष्णात हिशेबनिसासारखा असतो. अवघड गणिते तो झपाट्याने, पण एकामागून एक सोडवितो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे शेकडो विद्यार्थ्यांनी भरलेला वर्ग. प्रत्येकाला लहानसे, सोपे गणित दिलेले असते आणि सारे एकाच वेळी ते सोडवितात. या मुलाच्या संगणकात एनव्हिडिया कंपनीचे ‘जीटीएक्स १०५० टीआय’ हे कार्ड आहे. ते २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आले. त्यात अशी ७६८ गणनाकेंद्रे आहेत, आणि त्या सर्वांनी मिळून वापरावयाचे टेबल, म्हणजे कार्डाची स्मृती, ४ जीबीची आहे.

याच कंपनीने १९९९ साली ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड आणले आणि ‘जीपीयू’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसविला. त्या काळी ही खेळांची वस्तू होती. पुढे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले, की एकाच वेळी हजारो सोपी गणिते करण्याची ही शक्ती अन्य कामांनाही उपयोगी पडेल. २०१२ साली टोरोंटो विद्यापीठातील संशोधकांनी खेळांसाठी विकली जाणारी दोन कार्डे वापरून चित्रे ओळखणारा संगणकीय कार्यक्रम तयार केला. आज ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा एवढा गाजावाजा आहे, तिच्या वाटचालीतील तो मोठा टप्पा ठरला. परिणामी डोंबिवलीतील विद्यार्थी जी वस्तू मागतो, त्याच जातीच्या वस्तूंसाठी आता जगातील बलाढ्य कंपन्या रांगेत उभ्या आहेत. २०२५ च्या अखेरीस त्यांच्या मागणीमुळे संगणकाच्या स्मृतीचे भाव जगभर कडाडले. किंमत दूरदेशी ठरते आणि तिची झळ दोन खोल्यांच्या घरात लागते, हे आपण ध्यानात ठेवलेले बरे. मुलाने मागितलेली रक्कम मोठी आहे, यात त्या मुलाचा दोष नाही.

म्हातारपणाचे तीन प्रकार

“कार्ड जुनं झालंय,” असे मुलगा पुनःपुन्हा म्हणत होता. जुने होणे म्हणजे काय, याचा आम्ही विचार करू लागलो, तेव्हा वस्तूचे म्हातारपण तीन प्रकारचे असते असे आमच्या लक्षात आले.

पहिले म्हातारपण वस्तूचे स्वतःचे. पंख्याचे बेअरिंग झिजते, धूळ साचते, चिपवरचा उष्णता वाहून नेणारा लेप वाळून जातो. मग कार्ड तापते, आणि तापले की स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग आपणच कमी करते. हे म्हातारपण बहुतांशी औषधोपचाराने बरे होणारे असते.

दुसरे म्हातारपण भोवतालच्या जगामुळे येते. वस्तू होती तशीच असते, पण जग पुढे निघून जाते. एनव्हिडियाने २०२५ च्या ऑक्टोबरनंतर या पिढीच्या कार्डांसाठी नव्या खेळांना अनुरूप असे ड्रायव्हर देणे थांबविले. सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या मात्र २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत मिळणार आहेत. म्हणजे कार्ड मेले नाही, निवृत्त झाले. निवृत्त माणूस घरातील पुष्कळ कामे करू शकतो, हे येथे सांगावयास नको. तथापि नव्या कामांचा आकारही वाढलेला असतो, आणि तेथे जुने सामर्थ्य खरोखरच अपुरे पडते.

तिसरे म्हातारपण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते. वर्गातील मित्राने नवे कार्ड घेतले, की कालपर्यंत बरे दिसणारे आपले कार्ड एका रात्रीत म्हातारे होते. त्यात तसूभरही फरक पडलेला नसतो. या म्हातारपणावर नवी वस्तू हा उपाय नव्हे, कारण नवी वस्तूही याच डोळ्यांपुढे वर्षभरात जुनी होणार.

अडचण अशी, की ही तीन म्हातारपणे एकमेकांत मिसळून येतात, आणि ज्याला वस्तू हवी असते तो तिन्हींना एकच नाव देतो. ज्याला पैसे द्यावयाचे असतात तोही एकच नाव देतो, फक्त वेगळे. मुलगा तिन्हींना ‘गरज’ म्हणतो, बाप तिन्हींना ‘हौस’ म्हणतो. घराघरांतील पुष्कळशी भांडणे या दोन शब्दांच्या गफलतीतून उद्भवतात.

आठ दिवसांची वही

आम्ही त्या मुलाला एक वही दिली. “आठ दिवस काम करताना संगणक जेव्हा जेव्हा अडेल, तेव्हा तेव्हा वेळ लिही, काय करत होतास ते लिही, आणि का अडला ते शोधून लिही. खोटं लिहू नकोस, कमी लिहू नकोस.” वडिलांना म्हणालो, “आठ दिवस हौस हा शब्द काढायचा नाही.”

पुढच्या रविवारी वही आली. एकवीस नोंदी होत्या. आठ वेळा दुपारच्या उकाड्यात कार्ड तापून संगणक मंदावला होता. सहा वेळा जुन्या हार्ड डिस्कवरील मोठ्या फाइली उघडण्यात वेळ गेला होता, त्याचा कार्डाशी संबंध नव्हता. चार नोंदी खेळांच्या होत्या. त्या लिहिताना मुलाचा हात थोडा अडखळला असावा, कारण अक्षर बारीक झाले होते. तरी त्याने त्या लिहिल्या, आणि याबद्दल आम्हांला त्याचे कौतुक वाटले. उरलेल्या तीन नोंदी एकाच प्रकारच्या होत्या. ‘ब्लेंडर’ या मोफत मिळणाऱ्या प्रणालीवर तो एका चाळीच्या चौकाचे त्रिमिती दृश्य तयार करीत होता. ते कार्डाच्या ४ जीबी स्मृतीत मावत नव्हते, आणि काम मध्येच बंद पडत होते.

वडिलांनी बोटांवर हिशेब केला. “एकवीसमधले तीन!” ते विजयी मुद्रेने म्हणाले.

परंतु केवळ मोजून नीतीचा निर्णय होत नाही, तोलूनही पाहावे लागते. खेळाच्या चार नोंदी बाजूला ठेवल्या तरी काही बिघडत नव्हते. त्या तीन नोंदी मात्र त्याच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पाच्या होत्या. बायबलमध्ये, अनुवाद या पुस्तकात, कर्जाच्या बदल्यात कोणाचे जाते गहाण ठेवून घेऊ नये असा नियम आहे. जाते घेणे म्हणजे त्या घराची भाकरीच घेणे, हा त्यामागील विचार. संत थॉमस ॲक्विनस यांनी तेराव्या शतकात दानधर्माचे विवेचन करताना गरजेच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. जगण्यासाठी जे लागते ते एक, आपापल्या स्थितीनुसार आणि कर्तव्यांनुसार जे लागते ते दुसरे, आणि त्यापलीकडे उरते ते अतिरिक्त. खेळणाऱ्याच्या हाती जी वस्तू अतिरिक्त ठरते, तीच शिकणाऱ्याच्या किंवा कमावणाऱ्याच्या हाती जाते ठरू शकते. वस्तूच्या अंगावर ‘गरज’ किंवा ‘चैन’ असा शिक्का मारलेला नसतो. ती कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी आहे, त्यावर ते ठरते.

मग जे स्वस्तात होण्यासारखे होते ते आधी केले. डोंबिवलीतील एका कारागिराने कार्ड उघडून धूळ काढली, नवा लेप लावला. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली. दोन्ही मिळून साडेतीन हजारांच्या आत काम झाले. मुलाची आई घरी साड्यांना फॉल-बिडिंग करून देते. ती ऐकून म्हणाली, “आमच्या मशीनचंही असंच. मी नवं मशीन मागत होते, दुरुस्तीवाल्यानं पट्टा बदलला आणि मोटर बसवली. आठ वर्षं झाली.”

एकवीसपैकी चौदा नोंदींचे कारण अशा रीतीने नाहीसे झाले. स्मृतीच्या तीन नोंदी उरल्या त्या उरल्याच. धूळ झाडून ४ जीबीचे ८ जीबी होत नाहीत.

बुरुजाचा हिशेब

लूककृत शुभवर्तमानात बुरूज बांधू इच्छिणाऱ्या माणसाचा दाखला आहे. तो आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहावयाचे आणि लोकांनी हसावयाचे. या दाखल्याचा मुख्य रोख शिष्यत्वाकडे आहे, हे खरे. परंतु त्यातील व्यवहारज्ञानही आपण टाकून देऊ नये. ‘बसून’ या शब्दाकडे आम्ही नेहमी लक्ष वेधतो. दुकानाच्या काउंटरपाशी उभे राहून केलेला हिशेब हा हिशेब नव्हे.

आम्ही बसलो. जुने कार्ड ७५ वॅटवर चालते, आणि तेवढी वीज त्याला मदरबोर्डच्या खाचेतूनच मिळते. मुलाच्या मनात १२ जीबी स्मृती असलेले ‘आरटीएक्स ३०६०’ हे कार्ड होते. ते २०२१ साली निघाले आणि त्याची भूक १७० वॅटची आहे. त्याला वीज पुरविणारी स्वतंत्र वायर लागते, आणि कंपनी किमान ५५० वॅटचा एसएमपीएस असावा असे सांगते. मुलाच्या संगणकात कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस होता. म्हणजे २८,००० च्या कोटेशनमध्ये न लिहिलेला खर्च निघाला. रोज पाच तास पूर्ण ताणाने काम केले, तर महावितरणच्या बिलात महिन्याला साधारण १४ युनिट वाढतील, हेही लिहून ठेवले. दुकानदाराने सुलभ हप्त्यांची सोय सुचविली होती. हप्त्याने वस्तू स्वस्त होत नाही, फक्त तिची किंमत डोळ्यांआड होते.

जुने, वापरलेले कार्ड घ्यावे काय? दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले, की लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, अशी कार्डे मिळतात. येथेही सावधगिरी हवी. ‘इथेरियम’ हे आभासी चलन मिळविण्यासाठी लोकांनी हजारो कार्डे रात्रंदिवस राबविली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची पद्धत बदलली, कार्डांची गरज संपली, आणि ती कार्डे जगभरच्या जुन्या बाजारात येऊन पडली. त्यांतील पुष्कळ आजही चांगली चालतात. दोष ती राबली यात नाही, ‘थोडेच वापरलेले’ असे सांगून ती विकण्यात आहे. विक्रेत्याने वस्तूतील छुपा दोष सांगितला पाहिजे, हे नीतिशास्त्राचे जुने सूत्र आहे, आणि उद्या हाच मुलगा आपले जुने कार्ड विकावयास निघेल, तेव्हा ते त्यालाही लागू होईल.

आणखी एक मार्ग उरतो, थांबण्याचा. सहा महिन्यांनी नवे मॉडेल येईल, भाव उतरतील, तेव्हा घेऊ. हे कधी शहाणपणाचे असते, तर कधी निर्णयाची भीती शहाणपणाचे कपडे घालून आलेली असते. सदैव पुढच्या मॉडेलची वाट पाहणारा माणूस आजचे काम कधीच करीत नाही. आणि केवळ पैसे सुटत नाहीत म्हणून मुलाचे हत्यार बोथट राहू देणारा बाप स्वतःला काटकसरी समजत असला, तरी ॲरिस्टॉटलने त्याला उधळ्या माणसासमोरच्या दुसऱ्या टोकाला बसविले असते.

अशा रीतीने सारा हिशेब झाला. चैन वगळली, दुरुस्ती केली, खर्च मांडला. गरज खरी आहे, हे वहीने सिद्ध केले. वडील बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “बरं. घेऊ या.” मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहून आम्हांलाही धन्य वाटले. विवेकाने प्रश्न सोडविल्याचे समाधान घेऊन आम्ही त्या रात्री झोपलो.

न लिहिलेली ओळ

बुधवारी नोव्हेना संपल्यावर मुलाची आई एकटीच थांबली. इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, “फादर, ते पैसे त्यांच्या कानाचे आहेत.”

एमआयडीसीतील कारखान्यात यंत्रांच्या गदारोळात तीस वर्षे काढलेल्या त्या गृहस्थांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. कल्याणच्या डॉक्टरांनी श्रवणयंत्र सांगून दोन वर्षे झाली होती. तेव्हापासून दरमहा थोडे थोडे बाजूला टाकून त्यांनी तीस हजार जमविले होते. मुलाला यातले काही ठाऊक नव्हते. ते आधी कार्डाला विरोध करीत होते, कारण पैसा कोठून काढावा लागेल हे एकट्या त्यांना दिसत होते. वही पाहून मुलाची गरज खरी आहे अशी त्यांची खात्री झाली, आणि घरी जाऊन ते पत्नीला म्हणाले, “माझ्या कानाचं पुढच्या वर्षी बघू.”

वाचकहो, आम्ही खजील झालो. पहिल्या रविवारी त्या गृहस्थांना प्रत्येक वाक्य दोनदा सांगावे लागले होते, आणि आम्ही त्याचा दोष गायकवृंदाला दिला होता. आठ दिवस आम्ही यंत्राची नाडी तपासली, पंख्याची धूळ मोजली, वॅटचा हिशेब केला; हा पैसा आज कशासाठी ठेवलेला आहे, हे एकदाही विचारले नाही. किंबहुना आमच्या त्या चोख वहीनेच एका भल्या माणसाला आपले ऐकणे पुढे ढकलावयास लावले होते.

संत थॉमस यांनी विवेक या सद्गुणाचे अनेक घटक सांगितले आहेत. त्यांपैकी एकाचे लॅटिन नाव ‘चौफेर पाहणे’ या अर्थाचे आहे. स्वतःपुरते चांगले असलेले कृत्य भोवतालच्या परिस्थितीत अयोग्य ठरू शकते, म्हणून केवळ हेतूकडे पाहणे पुरत नाही, असे ते सांगतात. सेमिनरीत हे प्रकरण आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याचा अर्थ त्या बुधवारी समजला. अंदाजपत्रक म्हणजे केवळ जमा आणि खर्च नव्हे. त्यात काही ओळी कोणीच लिहीत नाही, कारण त्या ज्यांच्या असतात ती माणसे मागत नाहीत. आईचा चष्मा, बापाचे दात, आजीची गुडघ्याची पट्टी या ओळी आपल्या घरांतील कोणत्या कागदावर सापडतात? जो मागतो त्याची गरज तपासली जाते, जो मागत नाही त्याची गरज मोजणीतच येत नाही.

“फादर, मुलाला सांगू नका,” आई म्हणाली. “त्याचं मन मोडेल.”

यावर आम्ही विचार केला. आपल्या संस्कृतीत आईबापांचा मूक त्याग फार गौरविला जातो, आणि तो गौरवास पात्र आहेच. तरीही आमचे मत आम्ही स्पष्ट सांगितले. वीस वर्षांच्या मुलापासून अशी गोष्ट लपविली, तर आपण त्याला कार्ड देतो, पण न्यायाने वागण्याची संधी हिरावून घेतो. त्याने वहीत खेळाच्या चार नोंदी प्रामाणिकपणे लिहिल्या होत्या. ज्याच्याकडून आपण सत्याची अपेक्षा केली, त्याला सत्य सांगण्याचे ऋण आपल्यावर आहे. पुढे कधी त्याला हे कळले, तर त्या कार्डाकडे पाहताना त्याला काय वाटेल? लपविलेला त्याग कधी कधी घेणाऱ्याच्या मानेवर न मागितलेले कर्ज होऊन बसतो. “आम्ही सांगणार नाही,” आम्ही म्हणालो, “पण तुम्ही सांगावं. आणि त्यांनी स्वतः सांगितलं तर फारच चांगलं.”

वडिलांनी सांगावयास तीन दिवस घेतले. शनिवारी रात्री जेवताना बोलणे निघाले. आम्हांला कोणताही उपदेश करावा लागला नाही. मुलाला निर्णय करावयास एक मिनिटही लागले नाही, असे आई म्हणाली. त्याच्या अंगी सद्भावनेची उणीव कधीच नव्हती, माहितीची उणीव होती.

पुढे काय झाले, तेही सांगतो. श्रवणयंत्र आधी आले. मुलाने प्रकल्पातील दृश्याचे भाग पाडले. दूरच्या भिंतींवर चढविलेल्या चित्रांची लांबी-रुंदी निम्मी केली, तेव्हा त्यांना लागणारी स्मृती एक चतुर्थांशावर आली आणि पाहणाऱ्याला फरक जाणवला नाही. जे तरीही मावेना, ते त्याने संस्थेच्या प्रयोगशाळेत, इतर मुले घरी गेल्यावर, उशिरापर्यंत थांबून केले आणि शेवटच्या गाड्यांनी डोंबिवली गाठली. प्रकल्प वेळेत सादर झाला. परंतु येथे सारे गोड झाले असे म्हटल्यास ते खोटे ठरेल. ठाण्यातून आलेले एक पैशांचे काम त्याला सोडावे लागले, कारण ते या कार्डावर होण्यासारखे नव्हते. गरज खरी होती, आणि खरी गरज मागे ठेवली की तिची किंमत मोजावी लागते. दोन खऱ्या गरजांपैकी एक आधी निवडली गेली, इतकेच.

तो आता लग्नांच्या चित्रफितींचे संपादन करून पैसे जमवीत आहे. नवे कार्ड आले, की जुने कल्याणच्या मावसभावाला द्यावयाचे, त्याच्या शाळेच्या कामाला ते पुष्कळ होईल, असेही ठरले आहे. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा २०२४ चा अहवाल सांगतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात टाकून देण्याच्या संस्कृतीविषयी जी चिंता व्यक्त केली होती, तिला एक लहानसे उत्तर मावसभावाच्या टेबलावरही देता येते.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांत आज संगणकाचा भाग, उद्या फोन, परवा मोटारसायकल, अशा मागण्या येतच राहणार. ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असा सरसकट नियम आम्ही देऊ शकत नाही. एवढेच सुचवितो, की वस्तू कोणत्या अर्थाने जुनी झाली ते आधी पाहावे, खर्च बसून मांडावा, आणि कागदाच्या शेवटी एक ओळ मोकळी सोडावी. मग ती ओळ घरातील सर्वांना, विशेषतः जे कधी काही मागत नाहीत त्यांना, दाखवावी आणि विचारावे, “येथे तुमचं काही लिहायचं राहिलंय का?”

परवा ते गृहस्थ मिस्सेनंतर भेटले. आमचे सारे बोलणे त्यांना एकदाच सांगून ऐकू आले. प्रकृती कशी आहे, असे विचारले, तर म्हणाले, “सगळं छान आहे फादर. फक्त रात्री त्याच्या त्या कार्डाचा पंखा फार आवाज करतो.”